पाठ करा हिकडं

"पाठ करा हिकडं."

पौडला एस.टी. थांब्यासमोर एक शिंपी होता, त्यानं मला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मी पडलो पुण्याचा, त्यातून शाळेत कविता पाठ करून बक्षिसं मारलेला. मी भाबडेपणानं विचारलं, "काय पाठ करू?"

त्यानं ओठांत धरलेली टाचणी काढली आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मला तिथल्या तिथं खालच्या वर्गात बसवावं. "काय म्हंजे? पाठ. तुमची. माज्याकडं करा."

मी पाठ केली. मानेपासून कंबरेपर्यंत सर्रकन टेप फिरली, मग या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. मी गेलो होतो पिशवीचा तुटलेला पट्टा शिवून घ्यायला! पिशवी लष्कराच्या जुन्या मालातली, जाड खाकी कापडाची. मास्तरांनी ती उलटीपालटी केली आणि निकाल दिला, "पट्टा न्हाई तुटला. पाठ चुकलीया. ज्या सोल्जरची ही हुती त्यो तुमच्यापरीस चार बोटं उंच हुता."

त्यांना सगळा गाव मास्तर म्हणायचा, तेव्हा मीही मास्तरच म्हणणार. पाच वेळचे नमाजी, बारीक चणीचे, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. निम्म्या मुळशीचे सदरे त्यांनी शिवलेले. पिशवीसुद्धा अंगावर घालतात ना, मग ती अंगाच्या मापानंच शिवली पाहिजे, असं त्यांचं साधं शास्त्र होतं. आज दुकानदार मला "पाठीच्या मापाची सॅक" असं नवलाईनं समजावतात, तेव्हा मी गप्प ऐकून घेतो. मनात म्हणतो, बाबा रे, तू जन्मायच्या आधी हे पौडला चाललेलं होतं.

एकोणीसशे साठच्या आसपासचा तो काळ. आम्ही पुण्याचे पाच कारकून-ड्राफ्ट्समन, रविवार आला की डोंगरात पळायचो. डोंगरात जायचं म्हणजे खास सामान लागतं हे आम्हाला नुकतंच कळलं होतं आणि कळल्यापासून झोप उडाली होती. रॉकेलचा पंपाचा स्टो, तीन सेलांची बॅटरी, ॲल्युमिनियमची चपटी बाटली. एकेका वस्तूसाठी महिना महिना चर्चा! आणि नवी वस्तू आली की ती आधी मास्तरांना दाखवायची, असा शिरस्ता पडून गेला होता.

दाखवायची म्हणजे काय, त्यांच्या ताब्यात द्यायची. एकदा आमच्यातल्या एकाच्या जर्किनला चेन होती. मास्तरांनी ती वर ओढली, खाली ओढली, वर, खाली. दुकानात लग्नाचं गिऱ्हाईक खोळंबलेलं. "आरं, बटान न्हाई, काज न्हाई! शिंप्याचं निम्मं काम खाल्लं की ह्या पोरीनं!" आणि ओरडले ते दुःखानं नव्हे हो, आनंदानं!

नायलॉनचा दोर आला तो दिवस तर मी जन्मात विसरणार नाही. मुंबईहून आणलेला, पांढराशुभ्र. मास्तरांनी त्याचं टोक हळूच दिव्यावर धरलं. आमचा कप्तान हां-हां करत पुढं धावला. कप्तान म्हणजे आमच्या पाच जणांचा म्होरक्या. दोर त्याचा होता. पण टोक पेटलं नाही, त्याचा मणी झाला. "जळत न्हाई! इतळतंय! टोक उसवायचंच न्हाई आता!" मास्तर उठून उभे राहिले आणि समोरच्या चहावाल्याला बोलावून तो मणी दाखवला. मग टांगेवाल्याला. मग एस.टी.च्या कंडक्टरला. आमची मुळशीची गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली.

ईदेच्या दिवशी आमच्या नव्या थर्मासात त्यांनी स्वतःच्या हातानं शिरखुर्मा भरला. आम्ही तो गडावर प्यायलो. संध्याकाळी परत येताना गाडी थांबायच्या आतच मास्तर खिडकीशी. "गरम हुता का?"

"जीभ पोळली, मास्तर."

"सा तासानं?"

"सहा तासांनी."

मास्तरांनी कानाच्या पाळ्यांना हात लावले. पण इतक्या उत्साहाचा हा माणूस स्वतः कधी डोंगर चढला नव्हता. डोंगराच्या कुशीत जन्म गेला, पण उंचावरून खाली बघितलं की डोळ्यांपुढं सगळं फिरायचं. माळ्यावरचं कापडसुद्धा बायकोकडून काढून घ्यायचे. "आमी दोरा धाडतो वर," म्हणायचे. "पाठ तुमची, दोरा माजा."

मग हिमालयाचं निघालं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पाचही जण बर्फात जाणार असं ठरलं आणि कप्तानाच्या अंगात वारं शिरलं. मुंबईच्या एका गिर्यारोहण मंडळाकडं परदेशी पाठपिशव्या होत्या, आत चौकट असलेल्या, भाड्यानं मिळणाऱ्या. त्याच घ्यायच्या, त्याचं पक्कं. मी मास्तरांचं नाव काढलं तर म्हणतो कसा, "अरे, ते शिंपीकाम आहे. हे डोंगराचं काम आहे."

हे नेमकं मास्तरांसमोर बोलला, गाढव! मास्तर शिलाईयंत्रावरून पाय काढून बसले. मग म्हणाले, "कप्तानसाहेब, एक पिशवी शिवू द्या. तीस किलो दगुड भरा आन् कैलासगडावर न्या. एक टाका उसवला तर मुंबईची आना. न्हाई उसवला तर माजा दोरा बर्फात न्यायचा."

कप्तान म्हणाला, "कबूल."

पुढचे तीन आठवडे पौडात सदरे शिवून मिळाले नाहीत. चौकटीसाठी बुरुडाकडून वेत वाफेवर वाकवून घेतला. पट्ट्यांच्या आतून घोंगडीचा तुकडा, बकलं टांग्याच्या जुन्या सामानातली, दोऱ्याला रानातल्या पोळ्याचं मेण. पिशवी माझ्या मापाची, म्हणून माझी पाठ तर इतक्या वेळा घेतली, की मी दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतानाच गर्रकन फिरायचो. पिशवी झाली तेव्हा काय सांगू तुम्हाला! तीस किलो दगड भरून मी ती चढवली आणि कुणीतरी कडेवरचं पोर अलगद पाठुंगळी द्यावं तशी ती बसली. मी दुकानासमोर नाचलो. खरंच नाचलो, दगडांसकट.

ठरल्या रविवारी सकाळी कैलासगडाखालच्या खिंडीत आम्ही गाडीतून उतरलो, तर मागच्या दारानं मास्तर उतरले. पायात नवे कॅनव्हासचे बूट.

"मास्तर, तुम्ही?"

"दोरा माजा हाय. बघाया नगं?"

आणि इथं कप्तानानं घोळ घातला. मला म्हणाला, पिशवी मी नेणार. तू नेलीस तर जपून चालशील. मास्तरांचा चेहरा उतरला. "आवो, ती ह्यांच्या पाठीची हाय. तुमची पाठ लांब. पट्टा उलटा वढल." कप्तान ऐकेल तर कप्तान कसला! पिशवी पाठीला लावून निघालासुद्धा.

चढताना पट्टा करकरायला लागला. मला ऐकू येत होतं, तर मास्तरांना किती ऐकू येत असेल! ते कप्तानाच्या बरोबर मागं, हातभर अंतरावर, नजर उजव्या खांद्याच्या शिवणीला चिकटलेली. "हळू... उजवीकडं झुकू नगा... आवो, झुकू नगा म्हनलं ना!" डोंगराच्या अरुंद धारेवर आलो, दोन्ही बाजूंना सुट्या मुरमाचा घसारा, खाली मुळशी धरणाचं पाणी चकाकतंय. मी मागून धास्तावून बघतोय, आता हा माणूस मटकन बसणार. तो शिवणीवरून डोळा काढायलाच तयार नाही! चार ठिकाणी हातावर-गुडघ्यांवर आला, पण मान वरच.

माथ्यावर कप्तानानं पिशवी उतरवली आणि शिवणी तपासल्या. वाकून, बोटं फिरवून, नखानं खरवडून. काही सापडेना. मी आनंदानं ओरडणार तेवढ्यात मास्तर पुढं झाले. उजव्या पट्ट्याखालची घोंगडी वर केली.

"हितं बघा. एक गेलाय."

खरंच एक टाका सुटला होता. तांदळाच्या दाण्याएवढी फट. त्यांनी दाखवली नसती तर देवालासुद्धा दिसली नसती. मला मास्तरांचा असा राग आला म्हणून सांगू! हातातोंडाशी आलेला बर्फ स्वतःच्या हातानं ढकलून दिला.

कप्तान त्या फटीकडं बघत बसला. मग आपला खांदा चोळत उठला. "मास्तर, पाठ माझी नव्हती. टाक्याचा काय दोष? अजून चार शिवा. आधी माझी पाठ घ्या."

आम्ही जो आरडाओरडा केला तो खाली धरणावर ऐकू गेला असेल. मास्तर हसले, डोळे पुसले, आणि मग एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पाणी पाहिलं. आम्ही आलो ती धार पाहिली. आणि हळूच खाली बसून दोन्ही हातांनी गवत धरलं.

"आता उतरू कसा?"

दोर बांधतो म्हणालो, नको. डोळे मिटा म्हणालो, नको. अर्धा तास गेला. शेवटी त्यांनाच सुचलं. "त्ये दगुड काढा. पिशवी तुमी घाला." मी घातली. मास्तर गवत सोडून उठले आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"पाठ करा हिकडं."

मी पाठ केली. उजव्या पट्ट्याच्या शिवणीवर नजर ठेवून मास्तर आख्खा कैलासगड उतरले. मी पुढं, ते मागं. मी फार पुढं गेलो की मागून दटावणी, "थांबा की! दिसंना झालं!"

आम्ही हिमालयात गेलो. पाच पाठी, पाच पिशव्या. परत आलो ते घरी न जाता आधी पौडला. मास्तरांनी आम्हाला शिखराचं काही विचारलं नाही. पिशव्या उलट्या केल्या, एकेक शिवण वाचली, आणि कापडाला नाक लावून म्हणाले, "बर्फाला वास न्हाई व्हय?"

त्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात टेप दिली आणि स्वतः पाठमोरे उभे राहिले. "माजी घ्या. सोताची पाठ सोताला घेता येत न्हाई." मी माप घेतलं. जन्मभर यंत्रावर वाकून उजवा खांदा दोन बोटं खाली आला होता. मी आकडा सांगायला कचरलो. ते म्हणाले, "सांगा की, ठावं हाय मला." त्यांनी स्वतःसाठी पिशवी शिवली, एक पट्टा दोन बोटं आखूड, आणि दुकानात खिळ्याला टांगली. पुढच्या वर्षी जाऊ, म्हणायचे. दरवर्षी म्हणायचे. मग माझी बदली झाली, आमची भेट सुटली.

कितीतरी वर्षांनी पौडला उतरलो तेव्हा दुकानात त्यांचा मुलगा बसला होता. मास्तर गेल्या हिवाळ्यात वारले, म्हणाला. माझं नाव ऐकताच खिळ्यावरची पिशवी काढून त्यानं माझ्यापुढं धरली. "अब्बांनी सांगितलं हुतं, तुमी आला तर द्यायची. येकदाबी पाठीला लागली न्हाई."

मी ती घालून एकटाच कैलासगडावर गेलो. पाठ चुकलेली, आखूड पट्टा वाटभर उजव्या खांद्याला काचत होता. मी तो सैल केला नाही. धारेवर आलो आणि पाय आपसूक थांबले. मागं कुणी नव्हतं, मला माहीत होतं. तरी थोडा वेळ पाठ करून तसाच उभा राहिलो, शिवण नीट दिसावी म्हणून.