हबशी मिस्त्रींची कमान

हबशी मिस्त्री कुणाच्याही घरी आले की आधी भिंतीला हात लावायचे. म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा तळवा ठेवून "बरी हाय न्हवं?" असं तिलाच विचारायचे, माणसांची चौकशी मागाहून. माझी आई फणकारायची, "आवं मिस्त्री, आमी बी ऱ्हातो हितं!"

त्यांचे पूर्वज जंजिऱ्याकडून आलेले हबशी. काळाभोर रंग, कुरळे केस. वाईपासून मेढ्यापर्यंतच्या कितीतरी विहिरी, घाटाच्या पायऱ्या, ओढ्यांवरचे पूल या घराण्यानं बांधले. नकाशाही तेच काढायचे, जमिनीवर कोळशानं. दगडावर नाव मात्र इनामदाराचं. मला संताप यायचा. मिस्त्री म्हणत, "नाव त्येंचं असू द्या. वजन आमी पेललंय." त्यांच्याच पुलावर उभी राहून पोरं "हबशी, हबशी" म्हणून चिडवत, तेव्हा मात्र ते खाली मान घालून निघून जात.

घराण्याची एक रीत होती. कमान पुरी झाली की बापानं तिच्याखाली बसायचं आणि लेकानं आधाराच्या लाकडांच्या पाचरी काढायच्या. बांधकाम कच्चं निघालं तर बाप जाणार. त्यांच्या एकुलत्या एक लेकाला, यासीनला, हे काम करताना मी पाहिलंय. पोरगं हसत हसत पाचरी काढायचं आणि बाप खाली विडी ओढत बसायचा.

महायुद्ध सुरू झालं आणि यासीन फौजेत गेला. आमच्या गावच्या वेशीची कमान पुरी झाली, पण मिस्त्री लाकडांना हात लावू देईनात. "यासीन रजेवर येतुय. पाचर त्योच काढंल." वेस अडून राहिली, बैलगाड्या शेतातून जाऊ लागल्या, गाव कुरकुरलं. मग तार आली. यासीन लढाईत कामी आला होता.

पावसाळा तोंडावर आला तसे पाटील म्हणाले, "मिस्त्री, माझं पोरगं देतो. लाकडं काढून घ्या."

"पाटील, लेक उसना मिळत न्हाई."

एका सकाळी पाहतो तर मिस्त्री एकटेच कमानीखाली बसून हातोडीनं पाचरी काढताहेत. मी ओरडत धावलो. शेवटची पाचर निघाली, लाकडं बाजूला कोसळली, धुरळा उडाला. कमान जागची हलली नाही. मिस्त्री वर बघत राहिले. ती पडावी म्हणूनच ते तिथं बसले होते, हे तेव्हा मला कळलं.

"मिस्त्री, उठा," मी त्यांचा हात धरला.

ते उठले नाहीत. म्हणाले, "कच्ची बांदाय बापानं शिकिवलंच न्हाई रं."