खारट पापी आणि तुपाचं पथ्य

औशाला दिलेल्या माझ्या ताईच्या घरात सगळं तर्कानं चालायचं. तिच्या लेकीची पापी घेतली की खारट लागायची, म्हणजे अंगात मीठ जास्त, मीठ बंद. शी तेलकट व्हायची, म्हणजे तूप पचत नाही; तूप बंद. हा तर्क ताईच्या सासूबाईंचा. आमच्याकडं आजार कोणताही असो, पहिला उपचार म्हणजे ताटातलं काहीतरी काढून घेणं. पोर वाळत चालली होती.

नांदेडचे एक डॉक्टर म्हणाले होते, सिस्टिक फायब्रोसिस हा गोऱ्या लोकांचा रोग, आपल्यात नसतो. रोगालाही जात विचारणारी आपली माणसं. शेवटी लातूरला घामाची तपासणी झाली आणि तोच निघाला. जन्मजात आजार. मीठ घामातून वाहून जातं, छातीत कफ चिकट होऊन बसतो, पाचक रस आतड्यात पोचत नाही म्हणून तूप तसंच बाहेर पडतं. तेव्हा, तिथले डॉक्टर म्हणाले, मीठ वाढवा, तूप वाढवा, जेवणाच्या सुरुवातीला पाचक कॅप्सूल द्या आणि कफ सुटावा म्हणून सकाळ-संध्याकाळ तळहात खोलगट करून पाठीवर थापट्या मारा.

मी चळवळीतला माणूस. लगेच पत्रक लिहून स्वयंपाकघराच्या दारावर डकवलं. सासूबाईंनी ते सगळं वाचलं. "पाव्हणं, अक्षर लई चांगलं हाय," म्हणाल्या आणि मीठ घालायच्या आधी नातीचं वरण वेगळं काढलं.

ऐन उन्हाळ्यात पोर मलूल पडली. हाक मारली तरी डोळे उघडेना. लातूरला नेलं, सलाईन लावलं. सासूबाई बाटलीकडं बघत बसल्या. नर्सला विचारलं, "यात काय हाय?"

"मीठपाणी, आजी."

त्यांनी नळीवरून नातीच्या हातापर्यंत नजर नेली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "म्हंजे आमी घरात बंद केलं, ते ह्ये सुईनं घालायलेत."

माझं भाषण तयारच होतं. ताईनं डोळे वटारले म्हणून गिळलं.

आता त्या घरात वेगळीच दहशत आहे. थापट्यांचा आवाज ऐकून शेजारीण विचारायला आली, लेकराला का बडवायलात; तिला सासूबाईंनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. कॅप्सूल पोटात गेल्याशिवाय घास नाही आणि तुपाची धार काही थांबत नाही. पोर थोडी भरलीय, त्यामुळं वैतागून ताट सरकवण्याइतका जोरही आलाय. सासूबाई ते परत ओढतात.

"खा गुमान. पथ्य हाय तुझं."