चालायचं मी, उडी मारायची तू

आमच्या घरात व्हिडिओ गेम यायला लेक दहा वर्षांची व्हावी लागली, कारण मीच आडवी आले होते. डोळे बिघडतात, मान दुखते, अभ्यास बोंबलतो. कारणं काय, पैशाला पासरी. खरं कारण नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

यंदाच्या मे महिन्यात तो मला न विचारता कन्सोल घेऊनच आला. स्टँडमध्ये ठेवला की टीव्हीवर खेळायचं, उचलला की हातात धरून. दोन्ही कडांना दोन छोटे कंट्रोलर, सरकवले की सुटे होतात. शिवाय लेकीसाठी एक मोठा कंट्रोलर. सगळं जोडून दिलं आणि साहेब ड्यूटीवर निघून गेले. मुलांच्या हातात ते द्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

दुपार होती. कोपरीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत पडदे ओढले, सतरंजी टाकली, लेकीला आणि तिच्या धाकट्या भावाला समोर बसवलं आणि नियम सांगितले. एक तास. भांडण नाही. मग लेकीला म्हणाले, "त्यालाही घ्यायचं खेळायला. लहान आहे तो."

वाक्य तोंडातून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. ते माझं नव्हतंच. माझ्या आईचं होतं, जसंच्या तसं, डोंबिवलीतल्या घरातलं.

मी दहा वर्षांची आणि भाऊ सहाचा असताना आमच्याकडे टीव्हीला लावायचा एक गेम होता. काळी पेटी आणि तिला वायरीचे दोन रिमोट. बिल्डिंगमधल्या सगळ्या खेळांत भाऊ कच्चा लिंबू असायचा. म्हणजे सगळ्यात लहान गडी. तो धावतो, लपतो, ओरडतो, पण त्याला आउट धरत नाहीत आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. त्याला आपलं वाटत असतं की आपण खेळतोय.

तीच युक्ती मी घरात केली. तो मध्ये आला की माझा गेम बिघडायचा, आणि आईचा हुकूम तर मोडता येत नव्हता. म्हणून त्याच्या रिमोटची वायर पेटीतून काढली आणि टोक सतरंजीखाली सरकवलं. "चालायचं मी, उडी मारायची तू," असं त्याला सांगितलं. पडद्यावरचा माणूस खड्ड्यापाशी आला की तो जीव खाऊन बटण दाबायचा, आणि मी माझं दाबायचे.

"बघ ताई, मी मारली!"

"हो हो," मी म्हणायचे. त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाही. बघितलं असतं तर पुढच्याच खड्ड्यात पडले असते.

एकदा आंबा खायला म्हणून त्याने रिमोट खाली ठेवला आणि मी विसरून उडी मारली. त्याने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चिकट हात चड्डीला पुसले, रिमोट उचलून बटण दाबलं आणि म्हणाला, "बघ ताई, मी मारली." माणूस तोवर बराच पुढे गेला होता. किती बावळट आहे हा, असं मनात म्हणून मी सुटले.

शाळा सुरू झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला. ताप मेंदूत गेला, एवढंच मला सांगितलं. कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये मला कुणी नेलंच नाही. शेजारच्या काकूंच्या घरी बसून मी एकच गोष्ट घोकत होते, की कच्च्या लिंबूला आउट धरत नाहीत.

पुढे बाबांनी तो गेम खडवलीला आत्याच्या मुलांना द्यायचं ठरवलं. बांधण्याआधी नीट बघत होते, तेव्हा सतरंजीखालून ती वायर निघाली. "निसटली वाटतं ही," असं म्हणून त्यांनी ती पेटीत खोचली. मी शेजारी उभी होते. आजतागायत हे कुणाजवळही बोललेली नाही.

एवढ्या वर्षांत मी एकाच गोष्टीचा आधार धरला होता. त्याला कळलं नव्हतं. फसवलं मी, पण त्याच्यापुरता तो खरंच खेळत होता, मजेत होता. हे नसतं तर माझं काय झालं असतं, मला माहीत नाही.

चार दिवस मुलं अगदी गुण्यागोविंदाने खेळली. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण ती दोघं बसली की त्यांच्या डाव्या हाताला सतरंजीचा एक कोपरा रिकामा राहायचा, आणि माझी नजर सारखी तिथेच. भुतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी केर काढताना मी त्या कोपऱ्याला वळसा घालून जायला लागले होते.

पाचव्या दिवशी ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होते, तेवढ्यात बाहेरून मुलाचा आवाज आला. "बघ ताई, मी मारली!"

जुडी हातातच राहिली. आवाजसुद्धा तोच, जरासा घोगरा. दारात येऊन बघितलं. लेकीकडे मोठा कंट्रोलर होता, मुलाकडे उजव्या कडेचा छोटा. तो चालू असला की कडेला हिरवा ठिपका दिसतो. ठिपका विझलेला होता. कडेचं बारीक बटण दाबलं की तो बंद पडतो, हे लेकीने शोधून काढलं होतं.

"मी चालवते, तू फक्त उडी मार हां," ती त्याला सांगत होती.

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. खाण तशी माती म्हणतात, पण इतकी? एक ठेवून द्यावी असं वाटलं. मग वाटलं, कुणाला? मी तशीच आत गेले आणि उरलेली कोथिंबीर देठांसकट चिरून टाकली.

संध्याकाळी लेक चित्रकलेच्या क्लासला गेल्यावर मी मुलाला जवळ घेतलं. तो छोटा कंट्रोलर त्याच्या हातात देऊन जमेल तेवढ्या मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ, हा चालू नव्हता रे."

"माहितीये मला."

"काय माहितीये?"

"हा थरथरत नाय ना. धडकलं की ताईचा कसला थरथरतो. माझा झोपलाय."

"मग तिला बोलला का नाहीस?"

तो कंट्रोलरची दोरी मनगटाला गुंडाळत बसला. "बोललो तर ती बोलेल, जा मग. मला तिच्या बाजूला बसायचं असतं." मग घाईघाईने म्हणाला, "आई, तू तिला नको सांगू हां. तिला वाटतं मला नाय माहीत."

मी उठून खिडकीशी गेले.

आंब्याच्या त्या दिवशी भावाने आधी पडद्याकडे बघितलं होतं. मग माझ्याकडे. हात पुसले, आणि त्यानंतर रिमोट उचलला. ही आठवण मी इतकी वर्षं 'बावळट' या एका शब्दाखाली झाकून ठेवली होती. त्याला कळलं होतं. त्या सहा वर्षांच्या पोराने मला सांभाळून घेतलं होतं, आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते. माझा आधार असा पाच मिनिटांत गेला. विचारायचं तरी कुणाला?

परत येऊन मी दोन्ही छोटे कंट्रोलर कन्सोलच्या कडांना सरकवले. टक् टक् वाजलं. सुटे काढले तेव्हा दोन्हींवर हिरवे ठिपके होते. गंमत अशी की हे दोन्ही मिळून पडद्यावर एकच माणूस चालवता येतो. डाव्यावरच्या दांडीने चालायचं, उजव्यावरच्या बटणाने उडी मारायची. भावाला मी जे खोटं सांगितलं होतं, ते या यंत्रात खरंच होत होतं.

"आई, इकडे बस," मुलाने डाव्या बाजूचा रिकामा कोपरा थोपटला.

"तिथे नको," मी म्हणाले आणि उजवीकडे बसले. उजवा कंट्रोलर त्याच्या हातात दिला. "चालायचं मी, उडी मारायची तू."

"खरंखरं?"

"खरंखरं."

माणसाला खड्ड्यापर्यंत नेऊन मी थांबले. उडीचं बटण माझ्या हातात नव्हतंच. त्याने दाबलं आणि माणूस पलीकडे गेला.

"बघ आई, मी मारली!"

पुढचा खड्डा लगेच होता. मी पडद्यावरची नजर काढली आणि त्याच्याकडे बघितलं, नीट, पुरतं. "बघितलं रे," मी म्हणाले. अंगठा दांडीवर तसाच होता. आमचा माणूस चालत चालत खड्ड्यात पडला आणि मुलाच्या हातातला कंट्रोलर थरथरला.

तो उडालाच. "आउट!" हात वर करून आनंदाने ओरडला, "आई, मी पण आउट झालो!"