संपासाठी हात वर केला आणि काम गेलं

मित्रांनो, आज डोकं फार फिरलंय. घरी न जाता सरळ सायबर कॅफेत बसून लिहितोय.

पेट्रोल-डिझेलच्या दरवाढीविरुद्ध संपाची तयारी म्हणून सकाळी सातपूरला आमच्या कंपनीच्या गेटवर सभा झाली. "संपात कोण कोण येणार?" युनियनच्या अध्यक्षांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. पॅकिंगच्या हिराबाईंनीही केला. त्या ठेकेदाराकडून कामाला आहेत. रिक्षाचं भाडं वाढल्यापासून बिचाऱ्या पायीच येतात.

जेवणाच्या सुट्टीत ठेकेदाराने त्यांना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका."

मी धावत अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "अरे, त्या आपल्या सभासद नाहीत. आधी संप होऊ दे, मग बघू."

हिराबाई गेटवर डबा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "दादा, हात तर तुमी बी वर केला व्हता ना?"

संपावर मी जाणारच. पण हिराबाईंना परत घ्या, ही मागणीही संपाच्या पत्रकात छापा, असं उद्या अध्यक्षांना सगळ्यांसमोर सांगणार आहे.

आपल्या कंपनीतले जे हे वाचताय, तुमच्यापैकी कोण माझ्या शेजारी उभं राहील?