शिवराम मढवीचा मोकळा हिवाळा

हिवाळा म्हणजे शेकोटी आणि हुरडा, असं म्हणणारी माणसं वेगळी. खाडीकाठच्या पावणे गावातल्या शिवराम मढवीला हिवाळा म्हणजे काम. दसरा झाला की मिठागराचे बांध घालायचे, उधाणाचं पाणी खाडीतून आत घ्यायचं, वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायची. मग ऊन आणि वारा आपलं काम करत आणि शिवराम आभाळ राखत बसे. मीठ धरलं की ओढायचं, रास घालायची, गवतानं शाकारायची. एवढ्यात मळभ दाटून अवकाळी सर आली, तर डोळ्यांदेखत सगळं पाण्याचं पाणी. म्हणून आगरावरचा माणूस हिवाळ्यात गाव सोडत नसे. सख्ख्या बहिणीच्या घरचं लग्न असलं तरी अक्षता टाकून दिवस मावळायच्या आत परत.

वेणूबाई लग्न होऊन आली ती थेट या कामात. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून अशी चाले की बघणाऱ्यानं बघत राहावं. तिची हौस एकच. ठाण्याच्या एका दुकानदारानं दिलेल्या कॅलेंडरावर बर्फाचे डोंगर होते. वर्ष सरलं तरी तिनं ते भिंतीवरून काढलं नाही.

"अवो, एक हिवाला मना न्या की असा डोंगर बगायला. दोघं जाऊ, बसू, बगू."

"आनि आगर कोन बगंल? तुजा बाप?"

"माजा बाप तुमच्याहून बरा बगंल," ती म्हणे, आणि पाटी उचलून चालू लागे.

आगर शिवरामच्या मालकीचं नव्हतं. हातचं मात्र होतं. सत्तर साल उलटलं आणि नव्या शहराच्या नकाशात ते गेलं. लाल मातीचे ट्रक येऊ लागले. वाफे बुजले, बांध कुठला आणि वाट कुठली ते कळेना. पुढच्या हिवाळ्यात शिवराम रोज पहाटे उठून भरावाच्या काठाशी जाऊन उभा राही, आणि ऊन वर आलं की घरी येई. साऱ्या गावाचीच ती गत होती.

मग त्याला रंगाच्या कारखान्यात हेल्परची नोकरी लागली. आता हिवाळा मोकळा होता, पण शिवरामला मोकळं राहता येईना. रविवारी तो शेजाऱ्याचं कुंपण बांधी, देवळाचं अंगण सारवी. रिकामं बसलं की त्याला वाटे, आगर गेलं ते आपण पत्करलं.

वेणूबाईला दम लागू लागला तो चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात. डॉक्टर म्हणाले, काळीज थकलंय, ओझं नको, दगदग नको. घरी येताना ती म्हणाली, "आता तरी न्या. आता आगरबी आडवं नाय."

त्याच आठवड्यात शिवरामनं ऑफिसात रजेची चौकशी केली.

त्या डिसेंबरात कंपनीची प्रवास-सवलत घेऊन ऑफिसातला अरविंद बायकोला, सुचित्राला, शिमल्याला नेणार होता. वाशीच्या नव्या बिल्डिंगीत राहणारं तरुण जोडपं. त्यानं शिवरामचीही तिकिटं काढली.

"काका, काय टेन्शन नका घेऊ. तिकडे स्कीइंग पण असतं. पायाला फळ्या बांधायच्या आणि बर्फावरून घसरायचं."

"यांना फली कशाला?" वेणूबाई म्हणाली. "आगरात नुसत्या पायानं घसरायचे, नि मग दोन दिवस कंबर धरून बसायचे."

अरविंद हसला, सुचित्रा हसली, आणि पुष्कळ दिवसांनी शिवरामही हसला.

शिमल्यात ती तरुण दोघं रोज घसरायला जात. ही दोघं हॉटेलात. मागच्या अंगाला दरीवर एक बाक होता. तिथून बर्फाचे डोंगर दिसतात म्हणे, पण धुकं हटत नव्हतं. वेणूबाईची तक्रार नव्हती. ती गरम चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसे, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या टोप्या बघे. शिवराम मात्र कुणाची ट्रंक वर चढवून दे, गळका नळ आवळून दे, असं करत हिंडे.

"अवो, बसा की. हितं कोन तुमची हजेरी घेतंय? मना एकटीला बगायचा असता तर घरचं कॅलेंडर व्हतं."

"बसतो गो," म्हणून तो टेके आणि उठे.

निघायच्या दिवशी पहाटे धुकं फाटलं. वेणूबाईनं त्याला हलवलं. "उठा. आभाल निवललंय. मी बाकाव जाते, तुमी या."

शिवराम उठला, बाहेर आला. रात्रभर बर्फ पडलं होतं. अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं, आणि पश्चिमेच्या कडेला मळभ. बस्स. मन जागं व्हायच्या आत शरीर जागं झालं. हॉटेलचा चौकीदार वाट मोकळी करत होता. त्याच्या हातातलं फावडं शिवरामनं काढून घेतलं आणि ओढायला सुरुवात केली.

"अवो, या ना! दिसतंय!" मागून हाक आली.

"थांब गो, एवढी रास होऊ दे. मलभ आलंय."

दुसरी हाक आली, ती त्यानं ऐकली. तिसरी आली की नाही, त्याला पुढे कधी आठवलं नाही. फावड्याची लय लागली होती. कितीतरी वर्षांनी हात आपल्या कामावर आले होते. रास वर चढली, निमुळती, सरळ, आगरावर घालत तशी. चौकीदार तोंडात विडी धरून कौतुकानं बघत राहिला. शिवरामनं हॉटेलच्या घोड्यांच्या तबेल्याजवळचं गवत आणून रास शाकारली, कंबर सरळ केली, आणि तेव्हा त्याला कळलं की हे मीठ नाही.

तो धावत मागे गेला. दरी धुक्यानं भरली होती. बाकावर वेणूबाई बसली होती. शेजारच्या जागेवर तिनं आपली शाल घडी करून ठेवली होती, दुसरं कुणी बसू नये म्हणून. थंडीनं तिचे ओठ काळसर झाले होते. तिनं शाल उचलली.

"बसा आता."

"धरून न्यायचं मना. ओढून न्यायचं."

"हाका मारल्या की. तुमी आगराव व्हतात." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानं ती शाल तिच्या अंगाभोवती लपेटली आणि बसला. हात मांडीवर ठेवले. म्हणाला, "सांग. कुठं व्हता?"

तिनं धुक्यात बोट दाखवलं. "तितं. आधी नुसता काला. मंग शेंड्याला तांबडा लागला, कोंबड्याच्या तुऱ्यावानी. मंग ऊन खाली उतरलं, नि सगल्या राशी दिसल्या. फागुनात आपल्या असत ना, तशा. या टोकापासून त्या टोकापतुर." ती दम घ्यायला थांबली. "शाकारलेली एक नाय. एवढं उघडं पडलंय, नि कोनाला पावसाचा भ्या नाय."

शिवराम त्या पांढऱ्या धुक्याकडे बघत राहिला. बस सुटायची वेळ होईपर्यंत तो उठला नाही.

फाल्गुनात वेणूबाई गेली. दिवसकार्याला आगरावरचा जुना सोबती किसन आला होता. किसनची नजर भिंतीवरच्या कॅलेंडराकडे गेली.

"शिवराम, तुमी जाऊन आलात ना रं तितं? खरा कसा दिसतो त्यो डोंगर?"

शिवरामनं कॅलेंडराचं वर आलेलं टोक तळव्यानं भिंतीला दाबलं. मग म्हणाला, "तिनी बगितला. मी तवा कामात व्हतो."