धोंड्याचं वाण

धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला जेवायला जाऊन, चांदीची वाटी नको, शेळ्यांच्या लेंड्या द्या, असं म्हणणारा जावई अख्ख्या मराठवाड्यात एकच निपजला आणि तो नेमका माझा साडू. आमची दोघांची सासुरवाडी कंधारजवळच्या एका खेड्यात. मी लातूरला कारकून, ते नांदेडला वनशास्त्राचे संशोधक. आमच्याकडे आले की आधी अंगणातल्या कडुलिंबाची प्रकृती विचारणार. वेळ उरलाच तर माझी. झाडाबद्दल कुणी काही चुकीचं बोललं की त्यांना राहवत नाही. माझ्या मुलीसाठी स्थळ बघायला त्यांना घेऊन औशाला गेलो होतो. मुलाचे वडील मोठ्या कौतुकानं आपला सागवानी सोफा दाखवत होते. साडूंनी बोटानं टकटक केलं आणि शांतपणे सांगून टाकलं, "हे सागवान नाही. फसवलंय तुम्हाला." सोयरीक कशीबशी टिकली. आता तेच व्याही साधं स्टूल घ्यायचं झालं तरी आधी साडूंना फोन लावतात, मला नाही.

असा हा माणूस हरला होता तो फक्त सासुरवाडीच्या मुरमाड माळापुढे. नोकरीत असताना त्यांनी तिथे पुन्हा पुन्हा रोपं लावली, दरवेळी उन्हाळ्यात जळाली. गावानं त्याला 'जावयाचं टक्कल' असं नाव ठेवलं. ते निवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात गाव तो माळ खडी केंद्राला द्यायला निघालं. भर ग्रामसभेत साडू हात जोडून उभे राहिले आणि एक पावसाळा मागून घेतला. सरपंच म्हणाले, "गावचे जावाई तुमी, न्हाई कसं म्हनावं? पर दिवाळीपस्तोर हिरवं दिसलं न्हाई तर मशीन लागनार."

त्याच महिन्यात धोंडा आला. अनारशांचं ताट, त्यात चांदीची वाटी. मी माझी वाटी लगेच खिशात घातली. साडू मात्र सासूबाईंना म्हणाले, "मामी, मला तुमच्या शेळ्यांच्या लेंड्या हव्यात."

"बापू, काय बोलायलात तुमी? लोक काय म्हनतील?"

"शेळ्या बाभळीच्या, हिवराच्या शेंगा खातात. त्यांच्या पोटातून आलेलं बी चटकन रुजतं. हे मी तरुणपणीच वाचलं होतं, पण शेळी म्हणजे जंगलाची वैरीण, असं म्हणण्यातच सगळी नोकरी गेली."

झालं! धोंड्याचा नवा कोरा आहेर अंगावर आणि डोक्यावर लेंड्यांचं घमेलं, अशा थाटात आम्ही दोघे जावई माळ चढलो. पुढे साडू, मागे मी, आणि त्यांच्यामागे हसणारं निम्मं गाव. दगडांच्या सांदीत मूठ मूठ टाकत ते चंपी नावाच्या म्हाताऱ्या शेळीचं असं गुणगान करत होते, जणू तीच खात्याची प्रमुख. मी मनातल्या मनात बायकोच्या सगळ्या माहेराला शिव्या घालत होतो.

पावसाळा सरत आला तेव्हा साडूंना सरपंचांचाच फोन आला. "बापू, या लवकर. माळ फुटलाय." जाऊन पाहतो तर सांदीसांदीतून बाभळी, हिवर वर आलेले. दिवाळीच्या सभेत मशीनवाल्याला चहा पाजून परत पाठवलं आणि साडूंना गावानं खांद्यावर घेतलं. तिथेच त्यांना सांगावं लागलं की झाडं उंच होईपर्यंत माळावर चराई बंद. सासूबाईंचा चेहरा पडला. "माझ्याच शेळ्यांनी पेरलं, अन् त्यास्नीच बंदी? लई भारी न्याव हाय, बापू." पण शब्द पाळला बाईंनी. शेळ्या घेऊन ओढ्यापलीकडे लांब जात राहिल्या. अशी काही वर्षं गेली. त्यात त्यांचे गुडघे गेले, चंपीही गेली.

यंदाच्या धोंड्याला गावानं चराई उघडली. पहिला मान सासूबाईंच्या शेळ्यांना. आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून माळावर नेलं. भोवती डोक्याच्या वर गेलेलं रान, खाली शेंगांवर तुटून पडलेली चंपीची पोरं-नातवंडं. साडूंची मान अशी ताठ मी निवृत्तीच्या सत्कारातही पाहिली नव्हती. सासूबाईंनी पदराखालून ती जुनी वाटी काढली. "त्या साली घेतली न्हाई. आता तरी घ्या."

साडूंनी ती कपाळाला लावली. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. "मामी, आज चंपी पाहिजे होती," ते म्हणाले.

सासूबाईंनी हिवराच्या खोडावर हात ठेवला. "हाय की, बापू. ही तिचीच सावली न्हाई का?"

आयुष्यात पहिल्यांदाच, झाडाबद्दल कुणी बोललेलं साडूंनी दुरुस्त केलं नाही.