मटारच्या सीझनमधला अल्बम

आमच्या पहिल्यावहिल्या अल्बममध्ये गाणी सहाच आहेत, पण तो झाला कसा हे सांगायला बसलं की चहा दोनदा गरम करावा लागतो. गाण्यातलं नको ते निदान कट तरी करता यायचं. किस्से कोण कट करणार? ते आपले साठत गेले, घरातल्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे.

आधी माणसं सांगते. नंदू बास गिटार वाजवतो आणि रेकॉर्डिंगही तोच करतो. बिशू बंगाली, सॅक्सोफोनवाला. मी मेघा, पाच दिवस गुडगावच्या ऑफिसात आणि वीकेंडला कीबोर्डवर. आणि आमचं लोकसंगीत म्हणजे नंदूची आई, काकू. माहेर वाईकडचं, तिथून लग्नात भांड्यांबरोबर ओव्याही घेऊन आल्या आणि केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाल्या.

स्टुडिओ म्हणजे त्यांच्याच गाझियाबादच्या फ्लॅटमधली मागची खोली. नंदूनं परमनंट सरकारी नोकरी सोडली आणि त्या खोलीत एक मोडकं स्टूल टाकून बसला. तेव्हापासून काकू त्याच्याशी कामापुरतंच बोलायच्या. "जेवायला चल," "गीझर बंद कर," संपलं!

* * *

अल्बम फोक, जॅझ आणि अॅम्बियंटची मिसळ; तो काकूंना समजावायचं काम माझ्यावर आलं. फोक त्यांना पटलं. जॅझही चाललं. "मनाला येईल तसं वाजवायचं ना? बिशू तेच करतो."

मग अॅम्बियंटवर गाडी अडली.

मी म्हटलं, "काकू, म्हणजे असं संगीत, जे असतं, पण आहे हे जाणवत नाही. मागे कुठेतरी शांतपणे चालू असतं, काही घडत नाही."

काकूंनी चष्मा वर सरकवला. "अच्छा! म्हणजे आमचे अंडर सेक्रेटरी!"

* * *

पहिल्या दिवशी माइक समोर आला आणि काकूंचा आवाजच बंद. तासभर खोकून झालं, पाणी पिऊन झालं. शेवटी वैतागून म्हणाल्या, "अरे, ओवी काय अशी हातावर हात ठेवून म्हणतात? हाताला काम नको?"

बरोबरच होतं की! ओव्या जात्यावरच्या. पण गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये जातं कुठून आणणार?

दिवस डिसेंबरचे. खाली ठेल्यावर मटारचे ढीग. काकू उठल्या, पाच किलो मटार घेऊन आल्या, जमिनीवर पेपर पसरला, पुढ्यात परात घेतली आणि सोलायला बसल्या. तिसऱ्या शेंगेला सूर लागला!

त्या दिवसापासून आमचा हिशोब ठरला. रिटेक म्हणजे आणखी एक किलो. उसळ, पुलाव, करंज्या, पराठे, सगळं झालं. माझ्या ऑफिसात मी डबा उघडला की लोक न बघता म्हणायचे, "मटर?"

* * *

बिशूच्या सॅक्सोफोनवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये एक दिवस मेसेज आला. "चौथी मंज़िल पर किसी जानवर को तकलीफ़ है, कृपया देख लें।"

बिशू इतका दुखावला की आठवडाभर त्यानं बॅगच उघडली नाही. आम्ही माफीचा मसुदा करत बसलो होतो. काकूंनी नंदूचा फोन काढून घेतला आणि एका बोटानं टाइप केलं, "मामला विचाराधीन है।"

परत कुणाचीही तक्रार आली नाही. मी विचारलं, "काकू, हे कसं काय?"

"इतकी वर्षं नोकरी केली. या वाक्याला कुणाकडेच उत्तर नसतं."

* * *

गाणी ऑनलाइन टाकणाऱ्या कंपनीला प्रत्येक कलाकाराचा सही केलेला फॉर्म हवा होता. काकूंनी तो दोन दिवस ठेवून घेतला. परत आला तेव्हा मार्जिनमध्ये लिहिलं होतं, "पाहिले. आक्षेप नाही. तथापि सहमतीही नाही." खाली सही आणि तारीख.

नंदूनं डोक्याला हात लावला. तसाच पाठवला, आणि पास झाला!

"वाचतं कोण!" काकू म्हणाल्या.

* * *

खरी पंचाईत वेगळीच होती. काकू एक ओवी दुसऱ्यांदा तशीच म्हणायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं, ओवीत समोरची माणसं घालायची असतात, आणि समोर रोज वेगळं काहीतरी चाललेलं असतं. एकदा सुरू झाल्या,

"पितळेची गं पिपाणी, बिशू माझा वाजवितो,
जिन्यातला गं कुत्रा, त्याला साथ गं करितो!"

माझ्याही वाट्याला आलीच,

"मेघा लेक गं गुणाची, बटणांशी बोलते,
करपली भाजी तरी, मान वर ना करिते!"

बिशूनं सॅक्सोफोन खाली ठेवला. "यार, मैं पंद्रह साल से जॅझ सीख रहा हूँ। असली वाली तो मटर छील रही हैं।"

वॉचमन आला, भाजीवाला आला, गॅस सिलिंडर आणणाराही ओवीत आला. नंदू मात्र नाही. तो तिथेच, तीन हातांवर, हेडफोन लावून बसलेला असायचा.

एकदा बाल्कनीत मला म्हणाला, "सिलिंडरवाल्याचं नाव घेतलं यार तिनं. माझंच नाही घेत."

मी काहीतरी हसण्यावारी नेलं. पण मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

* * *

मार्चचा पहिला रविवार. शेवटचं गाणं राहिलं होतं. मटार निबर झालेले, ठेल्यावर उरलेसुरले दोन किलो मिळाले. दुपारची वेळ. बिशू हळूच एकच सूर धरून होता, मी त्याच्याखाली काहीतरी पुसट लावलं होतं. शेंगा फुटल्याचा कट्‌कट् आवाज माइकमध्ये सुंदर येत होता. नंदू स्टुलावर, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले.

काकूंनी शेवटची मूठ पुढे ओढली. मान खालीच.

"पक्की खुर्ची सोडुनी गं, मोडक्या स्टुलावरी बसला,
नंदू माझा गं..."

नंदू ताडकन उभा राहिला! हेडफोन कानात तसाच. वायरीबरोबर रेकॉर्डिंगचा डबा टेबलावरून धाडकन खाली, त्यामागे स्टूल आडवं, त्यामागे परात उलटी. मटार पार पलंगाखाली गेले. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग तिथेच थांबलेलं.

"आई, पुढे काय?"

काकू गुडघे टेकून दाणे गोळा करत होत्या. "कशाचं?"

"ओवीचं! नंदू माझा... पुढे काय? परत म्हण ना!"

"परत? ओवी काय परत म्हणतात? आणि मटार संपले."

तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला, डोळे पुसत दाणे वेचू लागला. बिशू आणि मी उगाचच वायरी गुंडाळत राहिलो. आम्ही ते गाणं तसंच ठेवलं. अल्बममध्ये ते "नंदू माझा गं"वर येतं, धाडकन आवाज होतो आणि संपतं.

दुसऱ्या दिवशी मी माझा चार्जर न्यायला गेले, तर दारात नंदू. पहाटेच मंडईत जाऊन आलेला. दोन्ही हातांत पिशव्या, दहा किलो मटार! कुठून मिळवले देव जाणे.

काकूंनी पिशवीत हात घालून एक शेंग फोडली, दाणा चावून बघितला.

"सोलू नकोस, शेंगा तशाच फ्रीजरमध्ये ठेव. पुढच्या अल्बमला लागतील."